मजबूत मोटार कोणती?

घरांत मोटार घेण्याची गोष्ट निघाली म्हणजे किंमत, रंग आणि पेट्रोलचा खर्च यांच्या पाठोपाठ एक वाक्य हटकून ऐकूं येतें : ‘जुन्या गाड्यांचा पत्रा काय जाड असे! आतांच्या गाड्या म्हणजे नुसते पापड!’ असें म्हणणारा गृहस्थ बहुधा मोटारींचा जुना शौकीन असतो. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट किंवा कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें तयार झालेली अँबॅसडर त्यानें वर्षानुवर्षें चालविलेली असते. तिच्या मडगार्डावर थाप मारली असतां निघणारा भरीव आवाज त्याच्या कानांत अजून घुमत असतो. आणि नव्या गाडीचा पत्रा अंगठ्यानें दाबला तर आंत जातो, हें त्यानें दुकानांत स्वतः करून पाहिलेलें असतें. त्याचें निरीक्षण खोटें नाहीं. त्यावरून तो जें अनुमान काढतो तें मात्र साफ चुकीचें आहे. तें नुसतें चुकीचें असतें तर फारसें बिघडलें नसतें. परंतु ह्याच अनुमानाच्या भरंवशावर माणसें गाडी निवडतात, पट्टा बांधण्याचा कंटाळा करतात आणि लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसतात.

ह्या वादाचा निकाल लावणारा एक प्रयोग २००९ सालीं अमेरिकेंत झाला. तेथील विमा कंपन्यांनीं १९५९ मध्यें स्थापन केलेली, महामार्गावरील सुरक्षिततेचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिला ५० वर्षें पूर्ण झालीं तेव्हां तिनें एकाच घराण्यांतील दोन गाड्या समोरासमोर आणल्या. एक १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि दुसरी २००९ सालची शेव्हरोले मॅलिबू. दोन्ही गाड्यांना ताशीं ६४ किलोमीटर वेग देऊन चालकांच्या बाजूकडील अर्धें अंग एकमेकांवर आदळेल अशा रीतीनें त्यांची टक्कर घडविली. जुन्या गाडीचा तो सुप्रसिद्ध जाड पत्रा, लांबलचक नाक आणि वजनदार सांगाडा पाहून कोणीही पैज तिच्याच बाजूनें लावली असती. प्रत्यक्षांत काय झालें? बेल एअरचा, माणसें बसतात तो भागच दुमडून गेला. छत वांकलें, दार निखळलें आणि स्टिअरिंग चालकाच्या जागीं बसविलेल्या पुतळ्यावर येऊन आदळलें. जिवंत माणूस असता तर जागच्या जागीं मरण पावला असता. मॅलिबूचें नाक पार चेपून गेलें होतें, ती गाडी भंगारांतच जाणार होती. परंतु तिच्यांतील चालकाची जागा शाबूत राहिली, आणि त्या पुतळ्याच्या जागीं माणूस असता तर पायाच्या दुखापतीवर निभावलें असतें.

हें असें कां व्हावें? शाळेंत शिकलेलें पदार्थविज्ञान थोडेंसें आठवलें तर उत्तर सांपडतें. धांवत्या वस्तूंत जी ऊर्जा सांठलेली असते ती वस्तू थांबतांना कोठें तरी खर्ची पडावीच लागते. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळणें आणि तीच गाडी सुमारें १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, खालीं पडणें, ह्या दोन गोष्टी आघाताच्या दृष्टीनें सारख्याच आहेत. वेग दुप्पट झाला कीं ही उंची दुप्पट होत नाहीं, चौपट होते. म्हणून ताशीं १०० किलोमीटरचा आघात हा १२-१३ मजल्यांवरून पडण्याचा आघात होय. पुण्याहून मुंबईस जातांना द्रुतगति मार्गावर आपण सहज ह्या वेगानें जातों. आणि बाराव्या मजल्याच्या कठड्यावर कोणी आपणांस बसविलें तर आपण जिवाच्या आकांतानें काय काय धरून बसूं, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

आतां पडण्यानें माणूस मरत नाहीं. तो मरतो एकाएकीं थांबण्यानें. ताशीं ५० किलोमीटरवरून शून्यावर येण्यास ६० सेंटिमीटर अंतर मिळालें तर शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट जोर येतो. हा जोर भयंकर खरा, पण निरोगी माणूस तो सोसूं शकतो. तेंच थांबणें ५ सेंटिमीटरमध्यें झालें, म्हणजे डोकें पोलादी दांडीवर आपटून थांबलें, तर हा जोर जवळजवळ दोनशे पट होतो. कवटीच्या आंतला मेंदू तो सहन करूं शकत नाहीं. ज्या नाजुक नाकाची आपला जुना शौकीन कुचेष्टा करतो तें नाक हें अंतर मिळवून देतें. तें चेपतें म्हणून माणूस हळू थांबतो. अर्थात् हें ‘हळू’ देखील सेकंदाच्या एक-दशांशाहून कमी असतें. पापणी लवण्यास साधारण तेवढाच वेळ लागतो. मांडीवर बसलेल्या १० किलो वजनाच्या मुलाचा भार त्या क्षणीं सुमारें १६० किलो होतो. तेवढा भार पेलणारे हात कोणत्याही आईबापांना लाभलेले नाहींत.

ज्यांच्या घरीं रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या येतात त्यांना हें तत्त्व समजण्यास सूत्रांची गरज नाहीं. लांकडी पेटी, तिच्यांत गवताचा किंवा पेंढ्याचा थर, आणि त्यांत हलणार नाहीं असा बसविलेला हापूस. पेटी इतकी भक्कम हवी कीं वरच्या ओझ्यानें ती मोडूं नये. पेंढा इतका मऊ हवा कीं धक्का त्यानें गिळावा. आणि आंबा असा दाटून बसावा कीं एक आंबा दुसऱ्यावर जाऊन आदळूं नये. ह्या तिहींपैकीं एक जरी गोष्ट चुकली तरी माल नासतो. उद्यां एखाद्या हौशी व्यापाऱ्यानें जाड पोलादाची पेटी बनवून तिच्यांत पेंढ्यावांचून आंबे भरले, तर मुंबईच्या धक्क्यावर पेटीला ओरखडाही नसेल. आंत मात्र आमरस तयार असेल. जुन्या मोटारी बहुतांशीं ह्या जातीच्या होत्या. किंबहुना त्यांची स्थिति याहूनही वाईट होती. कारण त्यांची पेटीही आघातांत टिकत नसे, हें बेल एअरनें दाखवून दिलेंच आहे.

माणसांचीही अशी बांधणी करावी, हा विचार मोटार बनविणाऱ्यांच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं, १९१७ सालीं, ह्यू डी हेव्हन हा तरुण अमेरिकन ब्रिटिश वैमानिक दलांत शिकत असतां त्याचें विमान कोसळलें. तो वांचला, पण त्याच्या पोटाच्या आंत जबर इजा झाली, आणि ती पट्ट्याच्या बकलामुळें झाली असें त्याला वाटूं लागलें. अपघात टाळतां येत नसेल तर निदान अपघाताच्या वेळीं माणसाभोंवतालच्या वस्तु कशा असाव्यात हें आपल्या हातीं आहे, ही साधी गोष्ट त्याच्या मनानें घेतली. लोकांनीं ती वेडगळ मानली. कारण अपघात म्हणजे चालकाचा दोष किंवा दैवाचा खेळ, हीच त्या काळची समजूत होती. उंच इमारतींवरून पडूनही वांचलेल्या माणसांची डी हेव्हननें कसून चौकशी केली, आणि १९४२ सालीं ५० ते १५० फूट उंचीवरून पडलेल्या माणसांविषयींचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, मऊ माती, वांकणारा पत्रा असें कांहीं तरी ज्यांच्या खालीं आलें तीं माणसें वांचलीं. पुढें कॉर्नेल विद्यापीठांत त्यानें आघातांतील जखमांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. कांचसामान आपण किती काळजीनें बांधून पाठवितों आणि माणसांना मात्र मोकळ्या डब्यांत तसेंच टाकून देतों, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

ह्या विचाराला मोटारीचें रूप देण्याचें श्रेय बेला बारेनी या अभियंत्याकडे जातें. व्हिएन्नाजवळ १९०७ सालीं जन्मलेला हा गृहस्थ १९३९ मध्यें डाइमलर-बेन्झ कंपनींत लागला, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच्या नांवावर अडीच हजारांहून अधिक पेटंटें जमा झालीं. १९५१ सालीं त्यानें ज्या कल्पनेसाठीं अर्ज केला ती ऐकतांना अगदीं सोपी वाटते : गाडीचे तीन भाग करावे, मधला, माणसें बसण्याचा, होईल तितका ताठ ठेवावा आणि पुढचे-मागचे दोन भाग मुद्दाम कमजोर करावे. ह्यांतील ‘मुद्दाम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तोंपर्यंत कमजोरी हा कारागिराचा कमीपणा मानला जाई. बारेनीनें ती मोजून-मापून, कोणता गज आधीं वांकेल आणि कोणता नंतर, असा हिशेब करून गाडींत घातली. १९५९ सालच्या मर्सिडिझमध्यें ही रचना प्रथम विक्रीस आली आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत झिंडेलफिंगेन येथील कारखान्याच्या आवारांत गाड्या जाणूनबुजून आदळून पाहण्यास प्रारंभ झाला. आरंभीं गाडीस वेग देण्याची धड सोयही नव्हती. पुढें तापलेल्या पाण्याच्या वाफेचा अग्निबाण मागें लावून गाड्या भिंतीवर सोडण्यांत येत. उत्तम बनविलेली नवी कोरी गाडी अशी फोडून टाकतांना तेथील कारागिरांच्या पोटांत कालवत असेल, यांत शंका नाहीं.

पेटी झाली, पेंढा झाला. आंबा जागीं धरून ठेवण्याचें काम राहिलें. अमेरिकन वायुदलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनीं १९५४ च्या डिसेंबरांत स्वतःला अग्निबाणाच्या घसरगाडीला बांधून घेतलें, ताशीं एक हजार किलोमीटरहून अधिक वेग गांठला आणि सुमारें दीड सेकंदांत ते थांबले. त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सेहेचाळीस पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरलें, पण ते जगले आणि पुढें १९९९ पर्यंत जगले. नीट बांधलेलें शरीर किती सोसूं शकतें याचा हा जिवंत पुरावा. वायुदलाचे जितके लोक विमानांच्या अपघातांत मरतात त्यांहून अधिक मोटारींच्या अपघातांत मरतात, हें ध्यानीं आल्यावर स्टॅप यांनीं आपला मोर्चा मोटारींकडे वळविला.

विमानांतून वैमानिकाला उडवून बाहेर टाकणाऱ्या आसनांवर काम केलेला नील्स बोलिन हा स्वीडिश अभियंता १९५८ मध्यें व्होल्व्हो कंपनींत आला. कमरेभोंवतीं नुसता आडवा पट्टा असला तर धड पुढें झुकून डोकें आपटतें. छातीवरून नुसता तिरपा पट्टा असला तर माणूस त्याखालून घसरतो. बोलिननें दोन्ही एकत्र आणून एका हातानें, एका क्षणांत लावतां येईल असा तीन जागीं जखडणारा पट्टा बनविला आणि १९५९ च्या ऑगस्टांत तो बसविलेली पहिली गाडी विक्रीस गेली. आज आपल्या गाडींत आहे तो हाच पट्टा. त्यांत मूलभूत असा फरक आजवर कोणाला सुचलेला नाहीं. ह्या शोधाचें पेटंट कंपनीनें इतर कारखानदारांस खुलें ठेवलें. मोटारधंद्याच्या इतिहासांत असे प्रसंग फार नाहींत, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख करावयाचा.

त्या धंद्याची नेहमींची चाल कशी होती याचें उदाहरण कांचेच्या कहाणींत आहे. एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ सालीं एक कांचेचा चंबू खालीं पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहींत. कारण आंतल्या वाळून गेलेल्या द्रावणाचा पातळ पापुद्रा कांचेला चिकटून राहिला होता. दोन कांचांमध्यें असा पापुद्रा घालून न विखुरणारी कांच बनविण्याची युक्ति त्यांतून निघाली. साध्या कांचेनें त्या काळीं किती चेहरे कापले आणि किती गळे चिरले याची गणतीच नाहीं. फोर्डनें १९२८ च्या सुमारास आपल्या स्वस्त गाडीला समोर ही नवी कांच लावली. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांस शेव्हरोलेसाठीं ती घेण्याविषयीं पत्रें गेलीं, तेव्हां त्यांनीं नकार दिला. खर्च वाढेल, नफा घटेल, आणि कांचेमुळें एक गाडीही जास्त खपणार नाहीं, असा त्यांचा रोख होता. स्लोन दुष्ट मनुष्य नव्हते. ते अत्यंत हुशार व्यवस्थापक होते, आणि हिशेबाच्या वहींत माणसाच्या चेहऱ्याचा रकाना नव्हता.

याच स्लोन यांच्या कारकीर्दींत दर वर्षीं गाडीचें रूप बदलण्याची प्रथा रुजली. हार्ले अर्ल या कल्पक आराखडाकारानें लढाऊ विमानाच्या शेपटीवरून स्फूर्ति घेऊन १९४८ च्या कॅडिलॅकला मागें दोन छोटीं पंखें बसविलीं. तीं वाढत वाढत १९५९ मध्यें अशीं टोंकदार आणि उंच झालीं कीं गाडी उडेल कीं काय असें वाटावें. मोटारींचे शौकीन आजही त्या पंखांवर लुब्ध आहेत, आणि सौंदर्याचा प्रश्न असेल तर त्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु पत्र्याची ती सारी कोरीव कामगिरी ज्या अभियंत्यांच्या हाताखालून गेली त्यांनीं स्टिअरिंगचा दांडा मात्र चालकाच्या छातीवर रोखलेल्या भाल्यासारखाच ठेवला. आघातांत आपोआप आखडणारा दांडा अमेरिकन गाड्यांत सर्रास येण्यास १९६७ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत फोर्डनें १९५६ सालीं एक धाडस करून पाहिलें होतें. खोलगट स्टिअरिंग, सहज न उघडणारीं दारें, आणि जास्त पैसे दिल्यास कमरेचे पट्टे व मऊ अस्तर लावलेली पुढची फळी यांची मोठी जाहिरात केली. त्या वर्षीं शेव्हरोले अधिक खपली आणि ‘सुरक्षितता विकली जात नाहीं’ ही म्हण धंद्यांत रूढ झाली. वस्तुतः पट्टे मागणारे ग्राहकही पुष्कळ होते. पण सोयीची म्हण पुराव्याची वाट पाहत नाहीं.

ह्या म्हणीला धक्का दिला तो राल्फ नेडर या तरुण वकिलानें. १९६५ सालीं त्याचें ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हें पुस्तक निघालें. जनरल मोटर्सनें त्याच्यामागें खासगी हेर लावले. तें उघडकीस आलें, आणि १९६६ च्या मार्चमध्यें कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढें माफी मागावी लागली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. मोटारींचे जाणते शौकीन नेडरवर आजही रागावलेले असतात, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणांत शेव्हरोले कॉर्व्हेअर ह्या मागें एंजिन असलेल्या गाडीवर झोड उठविली आहे. वळणावर तिचीं मागचीं चाकें आंत दुमडतात आणि गाडी उलटते, हा मुख्य आक्षेप. तो दोष १९६० ते १९६३ च्या गाड्यांतील. कंपनीनें १९६५ पर्यंत मागील चाकांची सर्व रचना बदलली होती. शिवाय १९७२ सालीं सरकारच्याच चौकशींत असें ठरलें कीं, कॉर्व्हेअर तिच्या समकालीन इतर गाड्यांहून उलटण्यास अधिक प्रवृत्त नव्हती. शौकीन येथें थांबतो आणि विजयी मुद्रेनें पाहतो. परंतु पुस्तकांत उरलेलीं सात प्रकरणें आहेत, आणि तीं सबंध धंद्याविषयीं आहेत. दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागें अमेरिकेंत १९६६ सालीं सुमारें साडेपांच माणसें मरत. २०२३ मध्यें हा आंकडा सव्वाच्या आसपास आला होता. रस्ते सुधारले, रुग्णालयें सुधारलीं, हेंही यांत आलें. तरी गाडीचा वांटा यांत फार मोठा आहे.

एअरबॅग, म्हणजे हवेची उशी, हिची कथा जरा निराळी आहे. लोकांची अशी समजूत असते कीं ती असली म्हणजे पट्ट्याची गरज नाहीं. प्रत्यक्षांत ती पट्ट्याच्या जोडीला बनविलेली वस्तु आहे. आघात होतांच एका लहान स्फोटानें ती सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांशांत फुगते, म्हणजे ती चेहऱ्याकडे एखाद्या ठोशासारखी येते. अमेरिकेंत पट्टा न बांधणारा मध्यम बांध्याचा पुरुष डोळ्यांपुढें ठेवून तिचा जोर ठरविला गेला, आणि १९९० नंतरच्या वर्षांत पुढच्या आसनावरील कित्येक मुलें आणि स्टिअरिंगला खेटून बसणाऱ्या ठेंगण्या स्त्रिया साध्या अपघातांत त्या उशीच्याच तडाख्यानें मेल्या. त्यानंतर तिचा जोर कमी करण्यांत आला. गाडीच्या मागील बाजूकडे तोंड करून ठेवलेलें तान्ह्या मुलाचें आसन पुढच्या एअरबॅगसमोर कधींही ठेवूं नये, हा नियम त्या मृत्यूंतून आलेला आहे. आघाताच्या चाचण्यांत वर्षानुवर्षें वापरला गेलेला पुतळाही मध्यम बांध्याच्या पुरुषाचा, सुमारें ७८ किलो वजनाचा असे. गाडी कोणासाठीं बनविली जाते हें त्या पुतळ्याकडे पाहिलें कीं कळतें.

आपल्याकडे ह्या सर्व घडामोडींचा वारा फार उशिरा पोंचला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट १९६४ पासून जवळजवळ त्याच रूपांत निघत राहिली. १९७४ मध्यें तिचें नांव पद्मिनी झालें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबराअखेर निवृत्त झाली. अँबॅसडर १९५० नंतरच्या एका मॉरिस गाडीचें रूप घेऊन आली व २०१४ पर्यंत निघत होती. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्या ग्राहकापुढें कारखानदाराला कांहीं सुधारण्याची निकड नव्हती. ह्या गाड्यांवर जीव जडावा हें स्वाभाविक आहे. त्यांत लग्नाच्या वराती निघाल्या आणि मुलें दवाखान्यांतून घरीं आलीं. पण त्यांची आंखणी बारेनीच्या कल्पनेचा प्रसार होण्यापूर्वीची होती, हें त्यांच्या चाहत्यांनीं विसरूं नये.

१९८३ नंतर नव्या गाड्या आल्या, स्पर्धा आली, आणि तरीही सुरक्षितता आली नाहीं. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळून पाहिल्या. पांचांनाही शून्य तारे मिळाले. ह्या चाचणींतील खुबी अशी कीं पांचांपैकीं दोन गाड्यांची पेटी शाबूत राहिली होती. उणीव होती ती हवेच्या उशीची. त्यांपैकीं फोक्सवॅगन पोलोलाच दोन एअरबॅगा लावून पुन्हां आदळली तेव्हां तिला चार तारे मिळाले. उरलेल्या तीन गाड्यांची पेटीच टिकली नव्हती, आणि तशा गाडींत नुसत्या उशा भरून भागत नाहीं. २०१८ च्या डिसेंबरांत टाटा नेक्सॉन ही पांच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली, आणि एक चमत्कार झाला : जी सुरक्षितता विकली जात नाहीं असें म्हणत, तिची जाहिरात होऊं लागली. चालकासाठीं एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशासाठीं त्यानंतर दोन-अडीच वर्षांत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची गुणपद्धति लागू झाली, आणि पुण्याच्या ए.आर.ए.आय. ह्या १९६६ पासूनच्या संस्थेंत गाड्या फोडून पाहिल्या जातात.

तारे मात्र गाडीला मिळतात; बसणारानें पट्टा बांधला आहे असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी उत्तम समजल्या जाणाऱ्या परदेशी बनावटीची होती. पुढील दोघे जबर जखमी होऊन वांचले. मागील आसनावरचे दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, मरण पावले. त्या दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते. मागें बसणाराला पट्टा नको, ही समजूत आपल्याकडील सुशिक्षित घरांतही इतकी खोल आहे कीं कित्येक गाड्यांत मागचीं बकलें आसनावरील खोळींखालीं गडप झालेलीं असतात. न बांधलेला मागचा प्रवासी आघातांत पुढच्या आसनावर गोळ्यासारखा जातो आणि पट्टा बांधलेल्या माणसालाही मारतो. २०२२ ह्या एका वर्षांत, सरकारी आंकड्यांप्रमाणें, पट्टा न बांधलेलीं सुमारें १६,७०० माणसें आपल्या देशांत रस्त्यांवर मेलीं.

त्याच वर्षांतील एकूण मृत्यूंची संख्या १,६८,४९१ होती, आणि त्यांत निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरचे व सुमारें पंचमांश पायीं चालणारे होते. म्हणजे मोटारीच्या आंतल्यांपेक्षां बाहेरच्यांचीच गणती मोठी. येथें आजच्या शौकिनाच्या आवडीशीं गांठ पडते. कारण त्याला आतां उंच, छाती काढून उभी राहणारी, भिंतीसारख्या नाकाची गाडी हवी असते. उतरत्या, ठेंगण्या नाकाची गाडी पादचाऱ्याच्या पायांना लागते आणि तो बॉनेटवर पडतो. उंच नाक त्याच्या छातीला व डोक्याला लागतें आणि तो चाकांखालीं जातो. बेल एअर फोडून पाहणाऱ्या त्याच अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं असें दाखविलें कीं, ज्या गाड्यांचें नाक जमिनीपासून ४० इंचांहून उंच, त्यांच्या धडकेनें पादचारी मरण्याचा संभव ठेंगण्या व उतरत्या नाकाच्या गाड्यांहून सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक असतो. गाडीच्या पुढें हौसेनें लावलेला लोखंडी गज तर दोन्हीकडून घातक. बाहेरच्याला तो मारतोच, शिवाय नाकाच्या चेपण्याचा सारा हिशेब बिघडवून टाकतो.

शौकिनांची एक तक्रार मात्र सोळा आणे खरी आहे आणि ती आतां मान्यही होऊं लागली आहे. अलीकडे गाडींतील सर्व कळा आणि खुंट्या काढून त्यांच्या जागीं एक मोठा कांचेचा पडदा बसविण्याची लाट आली. कळ बोटाला न पाहतां सांपडते. पडद्यावरील चौकोन शोधण्यासाठीं नजर रस्त्यावरून काढावी लागते, आणि ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दोन सेकंदांत ४४ मीटर पुढें गेलेली असते. पडदा स्वस्त पडतो, म्हणून कारखानदाराला प्रिय. दुकानांत तो झगमगतो, म्हणून गिऱ्हाइकालाही. युरोपच्या एनकॅप संस्थेनें २०२६ पासूनच्या आपल्या गुणपद्धतींत हॉर्न, वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, कांच पुसणारे वायपर आणि संकटकाळीं मदत मागण्याची सोय यांना बोटाला लागणारी खरीखुरी कळ किंवा दांडी असावी असें घातलें आहे. नसेल त्या गाडीचे गुण कापले जातात.